काळी पाच

चर्चच्या पाळकसाहेबांच्या मोनाला कुणी विचारलं असतं, की बाई गं, मोठेपणी तुला कोण व्हायचंय, तर तिने झोपेतसुद्धा उत्तर दिलं असतं : सुवार्तिक! डॉक्टर नाही, शाळेतली बाई नाही. गावोगाव जायचं, चार माणसं जमवायची आणि प्रभूची गोष्ट अशी रंगवून सांगायची, की बायकांचे पदर डोळ्यांना लागले पाहिजेत. चौथीत असताना तिने परसातल्या कोंबड्यांना उपदेश केला होता. आई अजून सांगते, त्यातली खुडूक कोंबडी शेवटपर्यंत बसून होती.

आता मोना नववीत होती. संडे स्कूलची सगळी पाठांतराची बक्षिसं तिच्या कपाटात होती. पेटी वाजवायची तर तिनेच. त्यामुळे शहाण्णव सालच्या नाताळाआधी कळस गावी ख्रिस्ती कीर्तन करायचं ठरलं, तेव्हा कीर्तनाला उभं कोण राहणार हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. ती आरशापुढे उभी राहून हातवारेसुद्धा बसवायला लागली.

आणि कीर्तन बसवणाऱ्या रावजी मास्तरांनी तालमीत सांगितलं, "आख्यान दिपाली सांगेल. मोना, तू पेटी धर."

झालं! मोनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

ही दिपाली दोनच वर्षांपूर्वी आईचं बोट धरून चर्चमध्ये आली होती. तिचं घराणं मूळचं कळसचं. आजोबा मेंढरं राखायचे, वडील ट्रॅक्टर चालवायला म्हणून बारामतीला आले. तिची आई सिंधुबाई बायकांच्या प्रार्थनेला यायला लागली आणि मागोमाग ही. पहिल्या रविवारी दिपालीला शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, पान काढता येईना, तेव्हा मोनानेच काढून दिलं होतं. सोबत बसवलं, गाणी शिकवली, स्वतःच्या डब्यातला केकसुद्धा दिला. आणि आता बघा! दिपाली तोंड उघडायची आणि म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे तिच्याकडे वळायचे. मोना वचनं धडाधडा म्हणायची तर लोक "शाब्बास" म्हणायचे. दिपाली नुसतं "काय सांगू बाई" म्हणायची तर लोक पुढे सरकायचे. शाब्बास आणि सरकणं यात किती फरक असतो, हे मोनाला पोटात कळत होतं.

वर पप्पा जेवताना म्हणाले, "दिपाली बोलते ना, तेव्हा वाटतं आपल्याच घरातलं कोणीतरी बोलतंय."

"आपल्या घरातली मी आहे," मोना म्हणाली आणि ताट सरकवून उठली.

रविवारी दुपारी मॅटाडोर निघाली. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर डुलत चाललेले. मॅटाडोरमध्ये दिपाली मोनाला चिकटून बसली आणि सारखी सांगत होती, "माझे हात बघ कसं गार पडल्यात. तू हायेस म्हणून बरं हाय बाई."

मोना म्हणाली, "हं."

कळसला बानूबाईंच्या अंगणात सतरंजी टाकली होती. बानूबाई म्हणजे दिपालीची चुलत आजी. कपाळावर मोठं कुंकू, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. घरात खंडोबाचा टाक. पण नातीचं कीर्तन म्हणून त्यांनी साऱ्या आळीला आवतण दिलं होतं. "कुणाच्या का देवाचं असंना, पोरगी आपली हाय. आन् चहा बी हाय!"

दिपाली उभी राहिली. हिरवं परकर-पोलकं, हातात चिपळ्या. "प्रभूच्या नावानं समद्यांला सलाम," तिने म्हटलं आणि पहिल्याच वाक्याला अंगण तिच्या खिशात!

"एका बापाला दोन पोरं. धाकटा म्हनला, आबा, माझी वाटणी आत्ताच्या आत्ता टाका."

"बाप जित्ता आस्ताना?" एक आजोबा ओरडले. "लई आगाव बेणं!"

"तर वो!" दिपाली म्हणाली. "आमच्या गल्लीतच ऱ्हायला व्हता जणू."

हशा पिकला. मोनाच्या पोटात कोळसा फुलला. हा तिने घरी बसवलेला हशा नव्हता. तिच्या हातवाऱ्यांत असा आजोबा कुठे होताच?

धाकट्याने पैसा उधळला, डुकरं राखली, उपाशी मरायला टेकला, शेवटी घराकडे निघाला. बायका गप्प झाल्या होत्या. एकीने पदर उचललासुद्धा. आता मास्तरांनी रचलेला अभंग यायचा होता. दिपालीची गायची पट्टी पेटीवरची पांढरी पाच. मोनाला हे आपल्या नावासारखं ठाऊक होतं. मोनाची स्वतःची पट्टी काळी पाच, चांगली चढी.

मोनाने भाता हलवला. बोट पांढऱ्या पाचवर गेलं. तिथून पुढे सरकलं. आणि काळ्या पाचवर बसलं.

कसं सरकलं? आपोआप सरकलं म्हणायची सोय नव्हती. तिनेच सरकवलं.

"बाप उभा दारी, पाहे वाट दुरून," दिपालीने उचललं. पहिली ओळ कशीबशी निभली. "ये रे माझ्या सोन्या, माघारी फिरून" हे वर चढायचं होतं. 'सोन्या'वर तिचा आवाज असा फाटला, की जत्रेतली पिपाणी बरी! पोरं खिदळली. मृदंगावरचा मास्तरांचा हात अडखळला. दिपालीने पुन्हा धरलं, पुन्हा फाटलं. तिने मोनाकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मोना पेटीच्या पट्ट्यांवर धूळ आहे का ते बघत होती.

दिपालीने गळ्याला हात लावला आणि हसली. "माझा घसा बसला, आज्जे. ही आमची मोना, पाळकसाहेबांची लेक. मला समदं हिनंच शिकवलंय. म्होरलं ही सांगल."

आणि ती चिपळ्या ठेवून मागे लिंबाच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली.

मिळालं की! सगळं अंगण मोनाकडे बघत होतं. तिने काळ्या पाचमध्ये अभंग असा म्हटला, की मास्तरांनीही मान डोलावली. मग ती सांगायला लागली. शुद्ध, ठणठणीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "पित्याने पुत्राला आलिंगन दिले. उत्तम झगा घातला. बोटात अंगठी, पायांत जोडे. आणि आनंदाच्या भरात पित्याने वासरू कापले..."

अंगण थिजलं.

चहाच्या कपबशा वाजायच्या थांबल्या. मघाचे आजोबा हळूच उठून उभे राहिले. गोठ्यात बानूबाईंच्या गाईचं वासरू बांधलेलं होतं, आणि साऱ्यांच्या नजरा तिकडे जाऊन परत मोनावर आल्या. मोनाच्या कानांतून वाफा निघाल्या. हे तिने संडे स्कूलमध्ये कितीदा म्हणून दाखवलं होतं! तिथे कधी कुणी उठलं नव्हतं.

"वो नाना, बसा वो!" लिंबाकडून आवाज आला. दिपाली. घसा बसलेला म्हणे! "ती तिकडं परमुलखातली रीत. हितं आस्तं तर बापानं काय केलं आस्तं? आख्ख्या गावाला पुरणपोळी घातली आस्ती, वर तुपाची धार. आन् नानांला पयल्या पंगतीला बशिवलं आस्तं."

"मला तूप वर्ज्य केलंय डाक्टरनं," नाना बसत म्हणाले, आणि अंगणाने सुटकेचा श्वास टाकून हसून घेतलं.

मोनाला वाटलं, भुई दुभंगावी. फजिती झाली म्हणून नाही, तर सोडवायलाही हीच! कुणीही चाललं असतं. मास्तर, नाना, ते वासरूसुद्धा चाललं असतं. तिने गाडी पुढे रेटली. घरात वाजंत्री सुरू झाली. थोरला भाऊ शेतावरून आला. त्याने विचारलं, हे काय चाललंय? आणि त्याचं डोकं फिरलं. मी इतकी वर्षं राबतोय, माझ्यासाठी कधी काही नाही, आणि हा काल आलेला... तो दाराबाहेरच उभा राहिला. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालायला लागला. बाळा, तू तर माझ्याजवळच आहेस, जे माझं ते तुझंच आहे.

"हे तात्पर्य," मोना म्हणाली आणि अंगण पुन्हा आपल्याकडे वळलेलं पाहून थांबली. इथे थांबायचं असंच बसवलं होतं.

"थांब गं पेटीवाली," बानूबाई म्हणाल्या. "मग त्यो थोरला आत गेला का न्हाय?"

"अं?"

"जेवाया. आत गेला का फुगूनच बसला भाईर?"

मोनाने पाठांतराची सारी कपाटं उघडून पाहिली. काहीच नव्हतं. "शास्त्रात... पुढे लिहिलेलं नाही, आजी."

"आसं कसं? बाप सोता भाईर आला म्हन्तीस. आमच्यात वाटणी झाली तवा आमचा थोरला दीर आसाच बांधावर जाऊन बसला. पोरीच्या लग्नालाबी आला न्हाय. सासरा रोज जायाचा बोलवाया. जाऊन जाऊन म्हातारा गेला." बानूबाईंचा भोंगा पहिल्यांदाच बारीक झाला. "म्हनून इचारते. गेला का न्हाय?"

साऱ्या बायका उत्तरासाठी मोनाकडे बघत होत्या. आता त्या सरकल्याही होत्या पुढे, आणि मोनाला मागे सरकावंसं वाटत होतं. लिंबाशी दिपाली एका पायावर उभी, दुसऱ्या पायाने माती उकरत, तीही बघत होती. तिलाही खरंच उत्तर हवं होतं.

मोनाने पेटीकडे पाहिलं. बोट काळ्या पाचवर तसंच होतं, जणू चिकटलंय. हेवा काही गेला नव्हता. अगदी तसाच, गरम गरम, पोटात बसून होता. तिने बोट उचललं, पांढऱ्या पाचवर ठेवलं आणि भाता हलवला.

"दिपे," ती म्हणाली. "ये. पांढरी पाच धरलीय."

दिपाली आली, चिपळ्या उचलल्या आणि पेटीवर वाकून फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "आत्ता व्हय? मघाशी कुठं गेली व्हती गं पांढरी पाच?"

"तुला कळलं होतं?"

"कान काय भाड्यानं दिल्यात का मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला सांगायचंच व्हतं एवढं, तर म्हनलं सांग." आणि ती हसली. तेच ते हसू! आता काय हिच्या चांगुलपणावरही जळायचं? मोनाने स्वतःलाच विचारलं, आणि खरं सांगायचं तर ती थोडी जळलीच.

"अगं, कुजबुजताय काय!" बानूबाई ओरडल्या. "थोरल्याचं काय झालं ते सांगा की!"

मोनाने सूर धरून ठेवला.

"निघालाय, आजी," ती म्हणाली. "पाय जड झालेत त्याचे. पण निघालाय."

दिपालीने वरची ओळ उचलली. 'सोन्या' या वेळी न फाटता वर गेला. मोना खालून तिच्यासोबत म्हणत होती, आणि पुढे बसलेल्या बानूबाईंना चाल येत नव्हती, तरी त्याही म्हणत होत्या.