नात्याचा रकाना

काकांना आपल्या नाकाचा भलताच अभिमान होता. लांब, मधोमध उंचवटा असलेलं ते नाक कडेने दाखवत ते गिऱ्हाइकाला विचारत, "हे नाक इथलं वाटतं तुम्हाला?" गिऱ्हाईक बिचारं फाटका गालिचा खांद्यावर घेऊन आलेलं. ते नाकाबद्दल काय बोलणार? मग काका त्याला बसवून घेत आणि सांगत, की आमचा मूळ पुरुष इराणातून आला. पुरावे दोन. एक नाक आणि दुसरी दारावरची पाटी.

पाटीवर नुसतं आडनाव होतं. फोनवर तीनदा सांगावं लागे, तरी लोक चुकीचंच लिहीत. अख्ख्या शहरात ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. वाचनालयातल्या बाईंनी एकदा चष्मा सावरत म्हटलं होतं, "वळण तर फारसी दिसतंय." तेवढ्यावर काकांनी वर्षभर काढलं.

दुकानात काका आणि त्यांची पुतणी, दोघंच. पुतणीचे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती काकांशेजारी बसून गालिचे दुरुस्त करत होती. रंग कसा मुरतो, लोकर का विटते, याआधी कुणी रफू केलं होतं, असं दिवसभर काहीतरी विचारत राहायची. काकांनी तिचं नावच चौकशीबाई पाडलं होतं.

पण आता काकांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. महिनाअखेर दुकान बंद, जागा शेजारच्या चष्मेवाल्याला, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

"आणि मी?" तिने विचारलं.

"तुला काम येतं. माझ्यापेक्षा बरं येतं, खोटं कशाला बोलू? कुठेही दुकान टाक. पण पाटी उतरणार. नाव रक्तातून येतं गं, बापाकडून मुलाकडे. मला मुलगा नाही, तुझ्या बापालाही नव्हता. विषय संपला."

हे ते इतक्या मायेनं बोलले, की तिला जास्तच लागलं. ही पाटी तिला हवी होती, याच दारावर हवी होती. राग तर आला, पण तिच्या रागाचं शेवटी नेहमी चौकशीतच रूपांतर व्हायचं. नाव खरंच रक्तातून आलं होतं का?

ती डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या बाईंनी सांगितलं, "बापाकडून मुलाकडे जाणारी साखळी बघायची तर पुरुषाचाच नमुना लागेल." काका एका पायावर तयार झाले. "होऊन जाऊ दे सिद्ध!" अट एकच होती, लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. चहाविना तो अर्धा तास काकांनी घड्याळाला शिव्या देत काढला आणि नळी भरून दिली.

चार दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन. "अहो, तुमचे काका खातात तरी काय? नमुना निळा आहे!"

तिने कपाळावर हात मारला. चहा सोडला होता, पण त्या अर्ध्या तासात काका एका गालिच्याचा निळा काठ भरत बसले होते. सुईत ओवण्याआधी लोकरीचं टोक ओठांत ओलं करायचं, ही दोघांचीही सवय. ते काही खाणं नव्हे, म्हणून दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिने काकांच्या हाताला सुई लागू दिली नाही.

निकालात इराण औषधालाही नव्हतं. बापाकडची साखळी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, आसपासची.

"मशीन बिघडलं असेल," काका म्हणाले. "नाक खोटं बोलतंय का? आणि आपली गाठ? एका उभ्या धाग्याला पूर्ण वेढा, शेजारच्याला मागून नुसता वळसा. इथले बाकीचे कारागीर दोन्हीला वेढे देतात. आपली गाठ तिकडची आहे."

गाठ तिकडची होतीच. त्यामुळे तर तिची झोप उडाली. माणूस इथला, मग नाव आणि गाठ तिकडची कशी?

परवाना कार्यालयाच्या तळघरात एका शिंकणाऱ्या कारकुनाने तिला सगळ्यात जुनी नोंदवही काढून दिली. तिने पान उलटलं. दुकान गालिच्यांचं. आडनाव तेच. जन्म इराणात. म्हणजे तो खरोखरच होता! तिला कारकुनाला मिठी मारावीशी वाटली. पुढचा रकाना अपत्याचा होता. तिथे लिहिलं होतं, नाही.

अकरा वर्षांनी परवाना दुसऱ्याच्या नावावर झाला होता. हा दुसरा म्हणजे काकांचे खापरपणजोबा. 'मालकाशी नाते' या रकान्यात लिहिलं होतं, कारागीर. खाली एक ओळ होती, मालकाच्या इच्छेवरून त्यांचेच आडनाव लावीत आहे. आधीचं आडनावही दिलं होतं. निम्म्या गल्लीचं असतं तसलं, चष्मेवाल्याचंही तेच.

आपण जिंकलो, हे तिला जिन्यातच कळलं आणि आनंद काही होईना. आता काकांच्या नाकाला काय सांगायचं? पण लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने फोनवर काढलेला फोटो त्यांच्यापुढे धरला.

काकांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे मी आणि तो चष्मेवाला..." एवढंच म्हणाले. दोन दिवस त्यांनी कुणालाही नाक कडेने दाखवलं नाही. एका गिऱ्हाइकाने आपणहून नाकाचं कौतुक केलं, तर खाली मान घालून गाठी मारत राहिले. तिला त्यांची फार दया आली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सुई थांबवली. "चौकशीबाई, मग ही गाठ?"

"त्याने शिकवली असेल. तुम्ही मला शिकवलीत तशी."

काका तिच्या हातांकडे बघत राहिले. बोटं निळी होती आणि खालचा ओठही निळा होता. ते उठले. "तुझी कागदपत्रं घे. परवाना कार्यालयात जायचंय."

परवाना परत करायला निघाले, असं समजून ती मागोमाग निघाली. खिडकीपाशी काकांनी एक अर्ज मागितला आणि गुडघा चोळत उभ्यानेच भरला. खिडकीतला कारकून तोच, शिंकणारा. त्याने अर्ज वाचला आणि दोघांकडे पाहिलं.

"परवाना यांच्या नावावर करायचाय ना? मग नात्याच्या रकान्यात हे काय लिहिलंत? या तुमच्या पुतणी ना?"

"पुतणी आहेच की," काका म्हणाले. "पण दुकान त्यासाठी देत नाहीये. लिहिलंय तेच राहू दे."

तिने वाकून पाहिलं. काकांच्या अक्षरात तिथे लिहिलं होतं, कारागीर.