तीन टाके कमी

देवराम रोकडे फ्रीजरमध्ये मटार शोधत होते आणि त्यांच्या हाताला बायकोचं विणकाम लागलं.

प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली, सुयांसकट, पांढरीशुभ्र शाल. एका बाजूला मटार, दुसऱ्या बाजूला बर्फाचा ट्रे. मंदाकिनीबाई गॅलरीतल्या खुर्चीवरून हे सगळं बघत होत्या. त्यांचा नवरा म्हणजे चहात साखर अर्धा चमचा जास्त पडली तरी दहा मिनिटं व्याख्यान देणारा माणूस. पण त्या सकाळी त्याने एक शब्द काढला नाही. पिशवी उलटसुलट करून बघितली, हळूच होती तिथे ठेवली आणि मटार घेऊन ओट्याकडे वळला. 

आता, शाल फ्रीजरमध्ये ठेवायला कारण होतं, आणि ते चांगलं शहाणपणाचं होतं. मोहेअर म्हणजे अंगोरा शेळीची लोकर, केसाइतकी बारीक, आणि वर तिला लव. विणताना ही लव शेजारच्या टाक्याला अशी बिलगते की चुकलं म्हणून उसवायला जावं तर धागा एक वेळ तुटेल, पण सुटणार नाही. म्हणून जाणकार बायका विणकाम दोन-तीन तास चांगलं गारठवतात. गारठ्याने लवेची पकड जरा सैल होते. ही युक्ती त्यांच्या विणकामातल्या मैत्रिणीने, कल्याणच्या लक्ष्मी मोकलने, फोनवर सांगितलेली. दोन वाक्यांत नवऱ्याला सांगून मोकळं होता आलं असतं.

पण सांगायला जीभ रेटेना. याच घरातल्या फ्रीजमध्ये चौदा वर्षांपूर्वी मंदाकिनीबाईंच्या आईच्या चपला सापडल्या होत्या. शांताबाईंच्या चपला, दुधाच्या पातेल्याशेजारी. तेव्हाही देवरामनीच त्या बाहेर काढल्या होत्या, आणि तेव्हाही ते असेच गप्प होते.

शांताबाईंचं विसरणं विणकामापासूनच सुरू झालं होतं. पिंपळपानाची जाळी ही त्यांची खास वीण. आठ ओळींत एक पान पुरं व्हायचं, कागदावर कुठे काही नाही, सगळं डोक्यात. मुलीलाही त्यांनी ती तोंडीच शिकवली. मग पासष्टीच्या आसपास एक दिवस पाचवी ओळ आठवेना. "पाचवीत काय गं येतं?" म्हणून त्यांनी मुलीला विचारलं आणि दोघी हसल्या. दोन वर्षांनी त्याच मुलीला त्यांनी विचारलं, "तू कोणाची गं?" तेव्हा कोणी हसलं नाही.

मंदाकिनीबाई आता चौसष्टच्या होत्या. ठाण्याच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. पोट शिवायच्या आधी गॉजचे तुकडे मोजायचे, हे त्यांचं काम. रोकडे सिस्टर "काउंट बरोबर" म्हणाल्याशिवाय भलेभले सर्जन टाका घालत नसत. अशा बाईला स्वतःच्या मांडीवरचे एक्क्याण्णव टाके सांभाळता येऊ नयेत?

झालं होतं असं, की लेकीचं, रचनाचं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं. बौद्ध पद्धतीप्रमाणे पांढरी साडी, पांढरी फुलं आणि खांद्यावर आईने विणलेली पिंपळपानाची शाल, हे तिने केव्हाच ठरवून टाकलेलं. लोकरही तिनेच मागवली. अर्ध्या शालीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. सुया खाली ठेवताना टाके मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा, ही मंदाकिनीबाईंची इस्पितळातली सवय. रोज एक्क्याण्णव. मग एका सोमवारी नव्वदच भरले. मोजताना चुकलं असेल, म्हणून त्या पुढे गेल्या. मंगळवारी एकोणनव्वद. बुधवारी अठ्ठ्याऐंशी, आणि सात वेळा मोजून अठ्ठ्याऐंशीच.

जाळीत जिथे भोक पाडायचं तिथे सुईवर एक जादा वेढा घ्यायचा असतो. तो घ्यायला विसरलं की एक टाका कमी होतो. म्हणजे आपण विसरतोय. चाळीस वर्षं पाठ असलेली वीण, तीन दिवसांत तीनदा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही. मंदाकिनीबाईंना लग्नाचा हॉल दिसू लागला, पांढऱ्या साडीत समोर वाकलेली रचना दिसू लागली, आणि आपण तिला विचारतोय, "तू कोणाची गं?"

गुरुवारी नवऱ्याचं ते गप्प बसणं बघितल्यावर उसवायचं धाडसही उरलं नाही. त्यांनी शाल फ्रीजरमधून काढून कपाटात टाकली आणि कोणाला न सांगता ठाण्याच्या नौपाड्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन केला. पुढच्या शुक्रवारची वेळ मिळाली.

त्या शुक्रवारी "जयाला पत्रिका देऊन येते," अशी मैत्रिणीच्या नावावर थाप मारून त्या निघाल्या आणि डोंबिवलीहून ठाण्याची बस पकडली. शीळफाट्याला बस अडकली ती अर्धा तास. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मंदाकिनीबाई खिडकीशी बसून पिंपळपानाच्या आठ ओळी म्हणत होत्या. पाचवी आठवली. पुन्हा पहिलीपासून म्हटल्या, पुन्हा पाचवी आठवली. शेजारची बाई टकमका बघायला लागली तेव्हा त्या ओठ मिटून म्हणू लागल्या.

डॉक्टर कल्पिता म्हात्रे रचनापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी तीन शब्द सांगितले, मीठ, होडी, कंदील, आणि ते लक्षात ठेवायला सांगितले. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. वार, तारीख, महिना विचारला. मग म्हणाल्या, "मघाचे तीन शब्द?"

"मीठ, होडी, कंदील," मंदाकिनीबाई म्हणाल्या. 

शेवटी डॉक्टरांनी एक छापील कार्ड पुढे केलं. "यावर लिहिलंय तसं करा."

मंदाकिनीबाईंनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, उठून खिडकीपाशी नेलं. "झेरॉक्सला शाई कमी पडली होती का हो?"

डॉक्टरांनी कार्डाकडे बघितलं. त्यावर ठळक काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डोळे मिटा.' त्या उठून मंदाकिनीबाईंजवळ आल्या. "सिस्टर, संध्याकाळी गाड्यांच्या दिव्यांभोवती वलय दिसतं का तुम्हाला?"

"दिसतं की. आमच्या डोंबिवलीत धुरळाच एवढा आहे."

डॉक्टरांनी टॉर्च घेऊन एक डोळा बघितला, दुसरा बघितला. "धुरळा नाही हा. मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे, आणि डाव्यात तर चांगलाच पिकलाय."

"आणि डोकं?"

"डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. शंभरातून सात मला इतक्या भरभर जमत नाहीत."

मंदाकिनीबाईंचा जीव भांड्यात पडला. जन्मभर दुसऱ्यांच्या ऑपरेशनची तयारी केली आणि स्वतःच्या डोळ्यातला मोतीबिंदू कळला नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. पांढरी लोकर, पांढरी लव आणि डोळ्यावर पांढरा पडदा, दिसणार काय कप्पाळ? तरी त्यांनी पिशवीतून वही काढून पुढे केलीच. "मग हे तीन टाके कुठे गेले?"

"विणकामातलं मला काही कळत नाही हो," डॉक्टर हसून म्हणाल्या. "ते तुम्हीच शोधा."

नौपाड्यात त्यांनी पाव किलो पेढे घेतले. पण परतीच्या बसमध्ये त्यांच्यातली सिस्टर जागी झाली. आईनेही पहिल्या खेपेला सगळी उत्तरं बरोबर दिली होती. डॉक्टरीण पोरगेली, तिचं खरं कशावरून? खरं काय ते शालीलाच ठाऊक होतं. वेढा घ्यायला विसरलो असलो, तर त्या जागी शोधून काहीच सापडणार नाही, कारण तिथे टाका झालाच नाही. पण नीट दिसलं नाही म्हणून टाका सुईवरून निसटला असेल, तर तो तिथेच असणार. तीन टाके सापडले तर डोळे दोषी. नाही सापडले तर डोकं.

दार देवरामनी उघडलं. "पेढे? कसले?"

"मोतीबिंदू झाला," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या, ते त्यांना आवरेना.

हॉलमध्ये रचना लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती. ती धावत आली. मग मंदाकिनीबाईंनी सगळं सांगितलं, वहीतले आकडे, नौपाड्याची डॉक्टरीण, फ्रीजरची युक्ती.

"आई, तू एकटी गेलेलीस? वेडी आहेस का गं? मला बोलली असतीस तर सुट्टी टाकली असती ना!"

देवराम मात्र खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "म्हणजे ते उसवायला ठेवलेलंस," ते म्हणाले. "अगं मंदा, आठ दिवस मी रोज रात्री गॅस बंद आहे का बघायला उठतोय. मला वाटलं, आता तुझी पण पाळी आली."

"मग विचारलं का नाही?"

"कसं विचारू? तू खरंच तसं काही सांगितलं असतंस तर?"

 मंदाकिनीबाईंनी उठून कपाटातून शाल काढली.

रचनाने गॅलरीत पप्पांची जुनी काळी छत्री उघडून आडवी ठेवली आणि शाल तिच्यावर पसरली. काळ्या कापडावर पिंपळाची पानं लख्ख दिसली. सुईपासून खाली एकेक ओळ ती बोटाने चाचपत गेली. पहिला टाका पाचच मिनिटांत मिळाला, एका पानाच्या देठाशी, उघड्या तोंडाचा. तिने त्यात सेफ्टी पिन अडकवली. दुसरा चार बोटं खाली. तिसरा मात्र काही केल्या मिळेना. अर्धा तास झाला. रचनाने शाल दोनदा फिरवली, उजेडाला धरली. मंदाकिनीबाई खुर्चीत हात आवळून बसल्या होत्या. दोन डोळ्यांचे, एक डोक्याचा, असा हिशेब त्यांच्या मनात चालू झाला.

"इकडे दे," देवराम म्हणाले. पेपर वाचायचं भिंग घेऊन ते छत्रीवर वाकले. विणकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते सरळ कडेपासून सुरू झाले, जिथे रचना बघायचीच नाही, कारण कडेला साधी वीण. "हे काय आहे? हा बारीक गोल?"

रचनाने लव बाजूला केली. "पप्पा! हाच तो!"

दुसरी लोकर असती तर सुटलेला टाका ओळीमागून ओळ धावत सुटला असता आणि शालीत वरपासून खालपर्यंत शिडी पडली असती. हे तिन्ही टाके जागचे हलले नव्हते. जी लव उसवू देत नाही म्हणून मंदाकिनीबाईंनी तिला इतके दिवस शिव्या घातल्या, तिनेच ते धरून ठेवले होते.

"अठ्ठ्याऐंशी आणि तीन," त्या म्हणाल्या. "मोजणी बरोबर होती माझी. अहो, रोज बरोबर होती." आणि मग त्या रडल्या, दहा दिवसांचं सगळं रडल्या, आणि देवराम शेजारी उभे राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तिन्ही टाके रचनाने आईच्या सांगण्याबरहुकूम मागच्या बाजूने त्याच लोकरीने बांधून टाकले. सुईवर तीन नवे टाके चढवले. पुढची ओळ पाचवी होती.

"राहू दे आता आई. आधी डोळ्यांचं बघू," रचना म्हणाली.

"एकच ओळ," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी सुया हातात घेतल्या आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या भरवशावर राहूनच तर टाके सुटले होते. आता बोटांनी एकेक टाका चाचपून, आईने शिकवलेली ओळ तोंडाने म्हणत, त्या सावकाश विणत गेल्या. ओळ संपली तशी त्यांनी डोळे न उघडताच सुई लेकीपुढे धरली.

रचनाने छत्रीच्या काळ्या कापडावर ठेवून एकेक टाका मोजला.

"काउंट बरोबर, सिस्टर," ती म्हणाली. "एक्क्याण्णव."