पडद्यावरचं अक्षर

माझ्या आयुष्यावर हिंदी सिनेमा निघाला, तेव्हा दिग्दर्शकाने माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित मागून नेलं. जवळून दाखवायला खरी पानं हवीत, म्हणाला. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेला. न बघताच देऊन टाकलं.

पहिल्या खेळाला ताईला घेऊन गेलो. सिनेमात ताई नव्हतीच. मला बहीण आहे, हे मी त्या लोकांना सांगितलंच नव्हतं. पडद्यावर नायक एकटाच खोलीत लिहीत बसला आणि मग पडदाभर पान आलं. टपोरं, मोत्यासारखं अक्षर.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी सांगायचो आणि ताई लिहायची; चार वर्षं, शाळेत शिकवून आल्यावर, स्वयंपाक आटोपून. "हा माणूस असं बोलणारच नाही," म्हणून अडून बसायची, आणि दर वेळी तिचंच खरं निघायचं. मुलाखतींत मात्र मी "एकट्याने लिहिली" असं बेधडक ठोकत आलो.

दिवे लागले. दिग्दर्शक धावत आला. "सर, काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं!"

आता तरी बोल की लेका! पण मी हसून हात जोडले.

ताईच म्हणाली, "लहानपणापासून छान आहे त्याचं."

दाराशी अभिप्रायाची वही होती. ताईने हौसेने पेन उचललं, टोपण काढलं, आणि तसंच परत लावलं.

"नको बाबा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "लगेच ओळखतील."