केळातली गोळी

डॉक्टरांनी कोकिळामावशीचा रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. तिच्या गालाच्या आतून काडीने घेतलेला नमुना तपासून आला होता.

“काही औषधं त्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतात. जन्मतःच तसं आहे. उदासीवरची नेहमीची गोळी अंगात साचत जाईल. आपण दुसरी देऊ.”

“नेहमीची म्हणजे?”

त्यांनी नाव सांगितलं. आईला तीच चालू होती.

“माझी आई मावशीची सख्खी बहीण,” मी म्हणाले. “पाय ताब्यात राहत नाहीत म्हणायची. शेवटी न्हाणीत पडली, त्यातच गेली.”

“त्यांची तपासणी झाली नव्हती. त्यांच्यातही असू शकेल. नक्की सांगता येत नाही.”

जळगावहून चोपड्याला येईपर्यंत मी नव्या गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसले. आई गोळी थुंकायची. केळाला बारीक चीर द्यायची, गोळी आत सरकवायची, वरून दाबायचं, ही युक्ती माझी. तेव्हा जळगावला माझ्या घरी परतताना ती मी आबांना, माझ्या वडिलांना, शिकवून ठेवली. आई गेल्यावर मावशीचंही जेवण, बोलणं सुटलं, म्हणून तिला शिरपूरहून आमच्याकडे आणलं होतं.

घरात शिरले तेव्हा आबा स्वयंपाकघरात केळ सोलत होते. शेजारी आईचं गोळ्यांचं उरलेलं पाकीट.

“आबा, हे काय?”

“कोकिळासाठी. रिपोर्ट येईपर्यंत तुझ्या आईची देतोय. दुखणं तेच, गोळीही तीच. उगाच वाया कशाला?”

मी केळ त्यांच्या हातातून काढून घेतलं. “ही तिला चालत नाही. अंगात साचते.”

आबा पाकिटाकडे बघत राहिले. “मग तुझ्या आईला?”

“नक्की सांगता येत नाही,” मी म्हणाले. डॉक्टरांचं वाक्य दोघांनाही पुरेल असं मला वाटलं होतं.

“तूच म्हणाली होतीस, केळात द्या.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मागच्या दारातून मावशी आत आली. “दाजी, तुमना केळामा काय शे ते माले समजस. रोज बकरीले चारस मी. ती देखा कशी पडेल शे.”

दाराबाहेर बकरी पाय पसरून सुस्त पडली होती. आबांना हसू आलं आणि ते तोंड फिरवून उभे राहिले. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

“तुनी मायले बी समजे. पोर देस म्हणीसन खाई ले.”

म्हणजे आईलाही कळत होतं; लेक देते म्हणून ती खात होती. मी पिशवीतून नवी गोळी काढली, उघड्या तळहातावर ठेवली आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेतला.

“मावशी, ही गोळी आहे. तुझ्या तपासणीवरून दिलीय. चक्कर आली, पाय जड झाले, तर मला सांग. मी ऐकेन.”

ती गोळीकडे बघत होती. नको म्हणाली असती, तर मी हात मागे घेणार होते.