सहा मिनिटं चाळीस सेकंद

फाटकाजवळच्या फळीवर दोनशे चाळीस खिळे होते आणि त्यांतले त्र्याण्णव रिकामे होते. खाणीत उतरणारा प्रत्येक जण आपल्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला गळ्यात अडकवून जाई. रिकामा खिळा म्हणजे खाली एक माणूस. एकशे अठरा नंबरचा खिळा तिच्या दादाचा, सातव्या बोगद्याच्या मुकादमाचा. कामावर येताना तिची नजर आधी त्या खिळ्यावर जाई.

नियंत्रण खोलीच्या भिंतीवरच्या पडद्यावर तोच आकडा होता: खाली ९३. शेजारी बावन्न सेन्सरांची वाचनं, सगळी हिरवी. ही वाचनं ज्या डेटाबेसमध्ये साठायची तो सांभाळणं तिचं काम.

दहा बावन्नला फोन वाजला.

"काय आकडेबाई, जाग्या आहात ना?" खालून दादा बोलत होता. "आमचा पंखा बंद पडून पाच मिनिटं झाली. मिस्त्री खटपट करतोय. तुझा पडदा काय म्हणतो?"

"चालू दिसतोय."

"मग पडद्यालाच डुलकी लागलीय. बघ जरा." मागे कुणीतरी हसलं आणि फोन ठेवला गेला.

पडद्याच्या कोपऱ्यात १०:५२ लिहिलं होतं. पण ती डेटाबेसकडून उत्तर आल्याची वेळ होती. पडद्याचा प्रश्न कधी निघाला होता ते तिने नोंदींत शोधलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद आधी, म्हणजे बोगद्यात वायू साठू न देणारा पंखा अजून फिरत असताना. वर्षापूर्वी याच उत्तराला दोन सेकंद लागत. वेळ रोज सेकंदभराने वाढत गेली होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कुठल्या तक्त्यात किती ओळी आहेत याचा अंदाज डेटाबेस जपून ठेवतो आणि त्यावरून शोधायची वाट ठरवतो. वाचनांच्या तक्त्याचा अंदाज होता चार हजार एकशे आठ. प्रत्यक्षात ओळी दोन कोटी त्र्याहत्तर लाखांच्या घरात होत्या. तक्ता एवढासाच आहे अशा समजुतीने डेटाबेस एकेक ओळ उचलत होता आणि ती कुठल्या सेन्सरची ते दुसरीकडे जाऊन बघत होता. तिने एकट्या सातव्या बोगद्याचं वाचन मागितलं. तेही त्याच वाटेने गेलं आणि लवकर परतेना.

अंदाज ताजा करणारं काम कुणी बंद केलेलं नव्हतं. ते वर्षभर नुसतं थांबलेलं होतं. त्याला एकच अट होती: खाली शून्य माणसं असतील तेव्हाच चालायचं. शेवटचं चाललं तेव्हा सेन्सर बसून जेमतेम सव्वा तास झाला होता. दुसऱ्या दिवशी तिसरी पाळी सुरू झाली. त्यानंतर खाली शून्य कधी झालंच नव्हतं.

ती अट सुरक्षा अधिकाऱ्यांनी घातली होती. सगळे त्यांना पाठीमागे नियमकाका म्हणत. ती त्यांच्या टेबलाशी गेली आणि ते काम आत्ताच चालवायची परवानगी मागितली.

"माणसं खाली असताना यंत्रणेला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "जुन्या यंत्रणेला कुणीतरी लावला होता. अकरा मिनिटं पडदा गोठला होता."

"आत्ताही गोठलेलाच आहे, सर. फक्त हिरवा आहे म्हणून कळत नाही."

"मिथेन वायू ०.६ टक्के दाखवतोय."

"पंखा बंद पडायच्या आधीचा. भोंगा वाजवा ना."

"कशाच्या जोरावर? सव्वा टक्क्याच्या वर वाचन दिसल्याशिवाय मी खाण रिकामी केली तर उद्यापासून भोंग्याला कोण विचारील?"

"मग खरं वाचन दिसू दे. अंदाज ताजा करायला चार मिनिटं लागतील."

नियमकाकांनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा घातला नाही. "माझ्या नावावर कर," ते म्हणाले.

अकरा एकला तिने काम सुरू केलं. अकरा पाचला ते संपलं. पुढचं उत्तर दोन सेकंदांत आलं. सातवा बोगदा, पंखा बंद, वायू १.९.

भोंगा नियमकाकांनी स्वतः दाबला.

माणसांना वर आणणाऱ्या पाळण्यात एका वेळी बारा जण मावत. पडद्यावरचा आकडा ९३ वरून ८१ वर आला, मग ६९, मग ५७. फाटकाशी बिल्ले खिळ्यांवर परतत होते. काचेतून तिला फळी दिसत होती, नंबर दिसत नव्हते. आठव्या फेरीला पाळण्यातून आठच जण उतरले. शेवटचा मिस्त्री होता. तिने त्याला फाटकाशी गाठलं.

"मुकादम कुठंय?"

"मागेच होते, बाई. सगळ्यांना मोजून बाहेर काढलं. वायू बाहेर पसरू नये म्हणून हवेचं दार लावून येतो म्हणाले." मिस्त्रीने स्वतःचा बिल्ला खिळ्यावर लावायचा प्रयत्न केला, तो दोनदा खाली पडला. "मुकादमच लावतो ना ते दार. बोगद्यातून शेवटी निघणारा."

ती खोलीत परत आली. पाळणा पुन्हा खाली गेला होता. खालचा फोन तिने लावला आणि तो वाजू दिला. दर मिनिटाला नवं वाचन येत होतं, आता दोन सेकंदांत.

अकरा बेचाळीस. सातवा बोगदा, वायू २.६. खाली १.