मेणाच्या खोलीतली इस्त्री

मित्रांनो, तुमच्या घरची इस्त्री एकदा उलटी करून पाहा. तिच्या तळाला वाफेसाठी बारीक भोकं असतील. मला तसलं एकही भोक नाही. बायका तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फवारा मारत आणि मग इस्त्री फिरवत, त्या काळातली मी. जड अंगाची, काळ्या मुठीची, आणि तळ असा गुळगुळीत की त्यात तोंड पाहावं. या तळामुळेच माझं नशीब फिरलं.

अल्ताई डोंगरांच्या कुशीत रिद्दर नावाचं गाव आहे. तिथल्या कामशात नावाच्या शिक्षिकेला मी लग्नात भेट म्हणून मिळाले. नऊ वर्षं मी तिच्या घरचे पडदे, उशांचे अभ्रे आणि तिच्या नवऱ्याचा एकुलता एक कोट यांवरून फिरले. काम करताना ती गुणगुणायची. तिला मूलबाळ नव्हतं. एका हिवाळ्यात ती आजारी पडली आणि बर्फ वितळायच्या आत गेली. त्यानंतर त्या घरात कोणाला कडक कॉलरची गरज उरली नाही. मी कपाटात पडून राहिले.

तिचा नवरा ओराल्बेक गावच्या स्की-शाळेत मेण लावायचं काम करी. स्कीचा तळ बर्फावरून सुळकन सरकावा म्हणून त्यावर मेण वितळवून पसरतात, गार झालं की खरवडतात, मग ब्रशने घासतात. त्यासाठी इस्त्रीच लागते, आणि तिला भोकं असून चालत नाही, कारण भोकांत मेण साचतं. शाळेची इस्त्री मोडली तेव्हा ओराल्बेकने मला कपाटातून काढलं आणि कामशातच्या लोकरी रुमालात गुंडाळून तो मला मेणाच्या खोलीत घेऊन गेला.

या कामातली पहिली गोष्ट मी त्याच्याकडूनच शिकले. मेण वितळलं पाहिजे, पण धूर निघता कामा नये. धूर निघाला की समजावं, स्कीचा तळ जळाला. जळालेला तळ मेण पीत नाही, आणि मेण न प्यालेली स्की थोड्याच वेळात बर्फाला धरून बसते.

मारझान पहिल्यांदा आली तेव्हा नऊ वर्षांची होती. थोरल्या भावाची स्की खांद्यावर, आणि स्की तिच्यापेक्षा उंच.

"आगा, मलापण लावा ना मेण. मला सगळ्यांच्या पुढे जायचंय."

तिकडे वडीलधाऱ्याला आगा म्हणतात.

"सगळ्यांच्या पुढे?" ओराल्बेक म्हणाला. "आधी नाक पूस. नाक बघ किती पुढे गेलंय!"

ती हसली, आणि मग रोजच येऊ लागली. उलट्या बादलीवर बसून खारट दह्याच्या वड्या चघळायची आणि बडबडायची. ज्या खोलीत दिवसभर खरवडण्याचाच काय तो आवाज असे, तिथे कोणीतरी बोलू लागलं. ओराल्बेक तिला उत्तरं फारशी देत नसे. पण ती आली नाही की त्याचं लक्ष दाराकडे असायचं.

मारझान वाढली, जिंकू लागली, देशाच्या संघात गेली. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. त्यात मारझान आहे, तिची स्की आहे, ओराल्बेकचं एक कोपर आहे. मी कुठेच नाही. पण तो कागद त्याने भिंतीवर चिकटवला आणि माझ्या मुठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास, म्हातारे!" बावीस वर्षांतलं माझं कौतुक ते एवढंच. मला ते पुरलं.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. आमच्या पोटात धातूची एक पट्टी असते. पुरेशी ऊब झाली की ती वाकते आणि वीज तोडते. माझी पट्टी थकली होती. कधी वेळेवर वाकायची, कधी नाही. माझा ताप मला कळत होता, पण सांगणार कोणाला? ओराल्बेक रोज माझा तळ मऊ फडक्याने पुसायचा, वायर नीट गुंडाळायचा, मला रुमालात निजवायचा. पण त्याने मला कधी उघडून पाहिलं नाही. एकदा शाळेतला वीजमिस्त्री म्हणाला, "आण इकडे, बघतो आतून." तर ओराल्बेक त्याच्यावर केवढा खेकसला! "तिच्या हातची वस्तू आहे. हात लावायचा नाही."

मग आशियाई हिवाळी खेळ आमच्याच देशात भरले. घरचं कार्य असावं तशी धांदल उडाली. यजमानांचा संघ सगळ्यात मोठा, आणि लोकांच्या अपेक्षा त्याहून मोठ्या. मारझान एकतीस वर्षांची होती. पुन्हा कधी घरच्या बर्फावर असे खेळ होतील आणि तेव्हा तिचे पाय चालतील, असं नव्हतं. तिने मुख्य प्रशिक्षक गेन्नादी यांना सांगितलं, "मेणाच्या खोलीत आमचे आगा हवेत."

"सगळं गावच आण ना बिऱ्हाडासकट!" गेन्नादी म्हणाले. पण त्यांनी परवानगी दिली.

अशी मी अल्माटीच्या वरच्या डोंगरात पोचले. तिथली मेणाची खोली पाहून माझा धीरच सुटला. टेबलावर सहा नव्या इस्त्र्या, प्रत्येकीच्या कपाळावर तापमानाचे आकडे चमकणारे. फिनलंडहून बोलावलेला तौनो नावाचा तंत्रज्ञ त्या वापरायचा. तो अबोल, पण भला माणूस होता. ओराल्बेककडे काम आलं मेणाचे तुकडे झाडायचं आणि स्की पुसून ठेवायचं. तो मला पिशवीतून बाहेर काढणार तेवढ्यात गेन्नादी म्हणाले, "अहो ओराल्बेक, हे काय? संग्रहालयातून उचलून आणलंत?" सगळे हसले. ओराल्बेकही हसला आणि पिशवीची चेन लावून टाकली.

पाच दिवस मी टेबलाखाली अंधारात होते. वर कामाची लगबग, आणि ओराल्बेकचे बूट एका कोपऱ्यात तासन्‌तास स्थिर. मित्रांनो, गर्दीच्या खोलीत आपलं काही काम नसणं ही फार वाईट गोष्ट आहे. त्या पाच दिवसांत आम्ही दोघांनी ती सोसली.

शर्यतीची सकाळ उजाडली. दहा किलोमीटर, एकेक खेळाडू अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एकटाच सुटणार. मारझानची आई आणि रिद्दरची चाळीस माणसं दीड दिवसाचा प्रवास करून आली होती. तौनो बर्फाचं तापमान मोजायला बाहेर गेला. मारझानची सगळ्यात लाडकी स्की टेबलावर उघड्या तळाची पडली होती. ओराल्बेकने दाराकडे पाहिलं आणि खाली वाकून मला बाहेर काढलं.

"एकदाच," तो पुटपुटला. "पहिल्या शर्यतीलापण आपणच लावलं होतं, हो ना?"

मी तापले. ठरलेल्या जागी पट्टी वाकायला हवी होती. ती वाकली नाही. मी तापतच गेले. मला ओरडावंसं वाटलं. मेण माझ्या तळाला लागताच उकळलं आणि निळसर धुराची बारीक रेघ वर चढली. ओराल्बेकच्या नाकाला इतक्या वर्षांच्या मेणाने वास येईनासा झाला होता, आणि त्याचे डोळे त्या क्षणी पाण्याने भरलेले होते. त्याला काही कळलं नाही.

दारात मारझान उभी होती, छातीवर नंबर बांधून. तिने धूर पाहिला. तिने बोलायला तोंड उघडलं, त्याच्या ओल्या डोळ्यांच्या, हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं.

"झालं, आगा?"

"झालं! लोण्यासारखी सरकेल बघ."

"सरकेल," ती म्हणाली. तिने स्की उचलली आणि गेली. ओराल्बेक तिच्यामागे धावला. मी टेबलावर एकटी राहिले, तळ अजून धगधगत.

मला शर्यत दिसली नाही. खिडकीतून फक्त भोंग्यावरचा आवाज येत होता. "आपली मारझान सुटली!" मग लोकांचा गजर, एवढा की काचा थरथरल्या. "दोन किलोमीटर, आपली मारझान दुसरी!" पुन्हा गजर. "चार किलोमीटर... मारझान पाचवी." टाळ्या झाल्या, पण उसन्या अवसानाच्या. सहा किलोमीटरला निवेदकाने म्हटलं, "मारझान नववी." त्यानंतर त्याने तिचं नाव घेतलंच नाही. दुसऱ्यांची नावं येत राहिली. मी वाट पाहत राहिले. मित्रांनो, मी गार होत होते आणि त्या भोंग्यावर एक नाव येत नव्हतं. एवढं एकटं मला कपाटातही वाटलं नव्हतं.

ती चौदावी आली.

गेन्नादींनी स्की उलटी करून तळावर बोट फिरवलं. पांढुरके, कोरडे पट्टे उमटले होते. ते तौनोवर कडाडले, "हा तळ कुणी जाळला? यासाठी तुला इतक्या लांबून आणला?" तौनोला शब्द कळले नाहीत, पण रोख कळला. तो गोरामोरा झाला.

ओराल्बेक पुढे आला. त्याने मला गेन्नादींसमोर ठेवलं.

"त्याला बोलू नका. मी जाळला. हिने."

गेन्नादींनी स्की भिंतीला टेकवून ठेवली. मग एवढंच म्हणाले, "घरी जा, ओराल्बेक." ते शब्द रागाचे नव्हते. रागाचे असते तर बरं झालं असतं.

मारझानला न भेटताच तो निघाला. परतीच्या गाडीत त्याने मला मांडीवर घेतलं नाही. घरी आल्यावर मी खिडकीत, आणि तो खिडकीकडे पाठ करून. शाळेत जाणं त्याने सोडलं.

बर्फ वितळू लागलं तेव्हा दारावर थाप पडली. मारझान होती. तिने आपणच चहा केला, त्यात दूध ओतलं, आणि समोर बसली.

"आगा, तुम्ही मला टाळताय."

"कुठल्या तोंडाने समोर येऊ, पोरी?"

"मी धूर पाहिला होता," ती म्हणाली.

ओराल्बेकने कप खाली ठेवला. "केव्हा?"

"तेव्हाच. दारातून. दुसरी जोडी तयार होती, बदलायला वेळ होता. पण तुम्ही इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसत होता. बोलले असते तर तुमचा जीव गेला असता."

"आणि न बोलून?" तो उठूनच उभा राहिला. "अगं वेडे, चाळीस माणसं आली होती! तुझी आई आली होती! माझ्या जिवाची काळजी करायला तुला सांगितलं कोणी? ओरडायचं होतंस. शिवी द्यायची होतीस मला!"

"मग तुम्ही ती इस्त्री एकदा उघडून का नाही पाहिलीत?" तीही ओरडली. "वीजमिस्त्री सांगत होता तुम्हाला!"

दोघं धापा टाकत राहिले. मग मारझान रडली, आणि ओराल्बेकने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जरा वेळाने त्याने पेचकस आणला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे स्क्रू निघाले. आत जुनं मेण, धूळ, आणि काळी पडून वाकडी झालेली पट्टी. तसली पट्टी आता कुठे मिळत नाही. दोघं ती उजेडात धरून पाहत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात ओराल्बेक शाळेत परत गेला. आता तो आकडे दाखवणारी इस्त्री वापरतो आणि तिला शिव्याही देतो. मला पुन्हा जोडायचं मात्र राहून गेलं. माझा तळ एका खोक्यात आहे, मूठ दुसऱ्यात. आता मी तापत नाही, आणि मला न्यायलाही कोणी येत नाही.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करणारी माणसं कमी नव्हती. पण मला आतून पाहणारं कोणी नव्हतं. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना नुसतं पुसून ठेवू नका, त्यांना उघडून पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, कुठे दुखतं ते. आणि आपल्या माणसाच्या हातून धूर निघताना दिसला, तर त्याचं मन राखायला गप्प बसू नका. सांगून टाका. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.