तेराव्या वर्षी पाठीवर खोगीर

मित्रांनो, मी एक जुनी पण कोरी घोडी आहे. वय तेरा वर्षे, आणि या तेरा वर्षांत माझ्या पाठीवर माशीखेरीज कुणी बसले नव्हते. एकदा एक कोंबडी बसली होती, पण ती स्वतःच घाबरून उतरली.

शिंगरू असताना परमेश्वरमामांनी मला बोरी गावाजवळच्या त्यांच्या गोठ्यात आणले. तिथे दोन म्हशी होत्या. त्यांचे पाहून मी रवंथ करण्याचाही बराच प्रयत्न केला. जमले नाही. माझे चंद्री हे नाव खरे तर एका गायीसाठी ठरले होते; गाय आलीच नाही. "सोयाबीन निघालं की हिला खोगीर चढवू," असे मामा दरवर्षी म्हणत. सोयाबीन दरवर्षी निघाले. खोगीर खुंटीवरच राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी मामा गेले.

मागे राहिल्या त्यांच्या पत्नी चतुराबाई, त्यांचा दुखरा उजवा गुडघा आणि ओढ्यापलीकडची चार एकर काळी जमीन. पावसाळ्यात त्या वाटेवर मोटारसायकल रुतते, ट्रॅक्टर रुततो, आणि तो काढायला गेलेला दुसरा ट्रॅक्टरही रुततो. डॉक्टरांनी तर चिखलात पाय घालायचाच नाही, असे बजावले. तेव्हापासून धाकटे दीर मुंजाजी रोज चहाला येऊ लागले.

"वैनी, शेत बटईनं मला द्या, निम्मं पीक तुमचं. तुमी घरी निवांत टीव्ही बघा."

"टीव्हीत माझं शेत दावतेत का?"

"मग जाणार कशावर? ह्या म्हातारीवर?" मुंजाजींनी माझ्याकडे बोट केले. "तेरा वर्षांची घोडी कुठं शिकत असती व्हय!"

"नागपंचमीपत्तुर थांबा, भावजी. न्हाई शिकली तर शेत तुमच्याकडं."

मी तोंडातला कडबा खाली टाकला. चार एकर शेत आता माझ्या पाठीवर येऊन बसले होते, मित्रांनो.

मला शिकवायला पंडितदादा आले. ते एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. घोड्यांशी त्यांचा संबंध इतकाच, की त्यांचे आजोबा निजामाच्या रिसाल्यात घोड्यांना हरभरे टाकत. पण गावात धीराचा माणूस तो एकच. एकतीस वर्षे त्यांनी लोकांना न चिडता पुढे सरकायला सांगितले होते.

पहिले चार दिवस त्यांनी खोगीर नुसते माझ्यासमोर ठेवले आणि शेजारी बसून पेपर वाचला. मी खोगीर हुंगले. मग पेपर हुंगला. पाचव्या दिवशी पाठीवर घोंगडी आली, दहाव्या दिवशी खोगीर. पोटाखालचा तंग ते रोज एकेक भोक आवळत, आणि मी थरथरले की लगेच सैल करत. वजनाची सवय व्हावी म्हणून एकदा वर हरभऱ्याचे अर्धे पोते ठेवले. मी मान वळवून लोंबत्या कोपऱ्याला भोक पाडले.

"अक्का, हिनं सामानच खाल्लं की!"

"खाऊ द्या दादा. आतून का हुईना, उचललं तर खरं."

मग एका सकाळी चतुराबाई ओट्यावरून माझ्या पाठीवर आधी पोटावर आडव्या झाल्या, आणि हळूच पाय टाकून बसल्या. मी जागची हालले नाही. आजवर मला पाठ म्हणजे शरीराचा एक न दिसणारा भाग वाटत होती. आता तिथे कुणीतरी श्वास घेत होते. माझ्या वर आणखी एक माणूस सुरू झाला होता! मी किती तरी वेळ कान मागे वळवून तो श्वास ऐकत राहिले.

गडबड झाली ती पुढे. घोडी कशी हाकतात, हे दादांना ठाऊक नव्हते. त्यांना एकच पद्धत येत होती. त्यांनी माझ्या गळ्यात घंटी बांधून तिला दोरी लावली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. आठ दिवसांत मी शिकले. फक्त वाटेत मारुतीचे देऊळ होते. दर्शनाला आलेला माणूस एकदा घंटा वाजवी, की मी उभी. एका शनिवारी मी दीड तास तिथून हालले नाही. घोडी मोठी भाविक आहे, असे गावात झाले. दोघे जण माझ्याही पाया पडले.

नागपंचमी उजाडली. चतुराबाई खोगिरावर, पंडितदादा शेजारी, मागे मुंजाजी. ओढ्यात चिखल माझ्या गुडघ्यापर्यंत होता. मधोमध बाभळीच्या फांदीत दोरी अडकली, तटकन तुटली, आणि घंटी चिखलात गडप झाली. जाताना तिचा एकच टोला पडला. मी थांबले.

"बगा! अडकली गाडी!" मुंजाजी ओरडले.

"टण टण!" दादा तोंडाने म्हणाले. मग मोठ्याने, "टण टण!" पण तो आवाज घंटीचा नव्हता. मी चिखलात हळूहळू खाली जात होते.

चतुराबाई वाकल्या. त्यांचा तळहात माझ्या मानेवर टेकला.

"चंद्रे, मला माझं शेत बघायचंय गं."

बस, एवढेच. त्यांचे अंग कणभर पुढे झुकले, आणि ते सगळे वजन मला समजले. कसे समजले ते आजही सांगता येत नाही. मी पाय उपसला. मग दुसरा.

बांधावर पोचल्यावर मी आपणहून थांबले. वर त्यांचा श्वास अडकलेला मला पाठीत कळला.

"दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बत्तीस वर्षं वाकून खुरपलं ह्याला. समदं एकदम आज पयल्यांदाच दिसायलंय. एवढं मोठं हाय व्हय हे?"

मुंजाजी धापा टाकत आले आणि चतुराबाईंच्या तोंडाकडे बघू लागले. मग त्यांनी विचारले, "वैनी, कसं दिसायलंय वरून?" त्यांच्या आवाजात आता बटई नव्हती.

मित्रांनो, मला ते काही दिसले नाही. माझ्यापुढे तूर होती, आणि ती खायची नव्हती. पण एका बाईला तिचे स्वतःचे शेत दाखवण्याएवढी उंची माझ्या पाठीत तेरा वर्षे होती, हे मलाही माहीत नव्हते. तुमच्याकडे एखादे जुने जनावर असेल, तर ते आता शिकणार नाही, असे त्याच्या तोंडावर म्हणू नका. त्याला दाणा द्या, वेळ द्या, आणि ते थरथरले तर हात सैल करा.

चतुराबाई बराच वेळ उतरल्या नाहीत. मीही पाय बदलला नाही.